पैशामागचे हात

काळ्या समुद्राकाठच्या बातुमी शहरात 2001 साली म्झिया अमाग्लोबेली आणि एतेर तुराद्झे या दोघींनी एक वर्तमानपत्र काढलं. नाव ठेवलं ‘बातुमेलेबी’, म्हणजे बातुमीकर. पुढे त्याच घरातून ‘नेटगझेती’ ही बातम्यांची साइट निघाली. जॉर्जिया हा कॉकेशसमधला देश लोकसंख्येने आपल्या कोल्हापूर जिल्ह्याएवढा, 40 लाखांच्या आतला. त्यातल्या एका बंदराच्या शहरात बसून स्थानिक कारभारावर लक्ष ठेवणारं हे पत्र दोन दशकांहून अधिक काळ टिकलं.

जानेवारी 2025मध्ये अमाग्लोबेलींना अटक झाली. आरोप होता तो बातुमीच्या पोलीसप्रमुखाला थोबाडीत मारल्याचा. त्या एका चापटीसाठी चार ते सात वर्षांची कैद होऊ शकेल असं कलम लावलं गेलं. त्यांनी कोठडीत 38 दिवस उपोषण केलं. ऑगस्टमध्ये कोर्टाने आरोप सौम्य करून दोन वर्षांची शिक्षा सुनावली. तोवर त्यांची दृष्टी फार खालावली होती. त्याच वर्षी युरोपीय संसदेने त्यांना आणि बेलारूसच्या तुरुंगातले पत्रकार आन्द्झेय पोचोबूत यांना साखारोव्ह पुरस्कार जाहीर केला.

आमच्या घरात या बातमीवरून जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. एका बाजूला माझे मामा. त्यांनी तालुक्याच्या गावी साप्ताहिक चालवण्यात हयात घालवली. दुसऱ्या बाजूला माझी लेक. युरोपातल्या एका देणगीदार संस्थेत तिने काही वर्षं अर्ज वाचायचं काम केलं आहे; कुठल्या देशातल्या कुठल्या पत्राला, कुठल्या नागरी संघटनेला मदत द्यायची, हे ठरवणाऱ्या टेबलावर ती बसलेली आहे. वेगवेगळ्या वेळी झालेलं त्यांचं बोलणं मी इथे सलग मांडते आहे.

मामा : या बाईंबद्दल मला आदर आहे. त्यांच्या जागी मी असतो तर अडतीस दिवस टिकलो नसतो. पण तुमच्या संस्थांबद्दल मला तेवढा आदर नाही. मे 2024मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला की ज्या संघटनेचं किंवा माध्यमाचं 20 टक्क्यांहून जास्त उत्पन्न परदेशातून येतं, तिने परक्या सत्तेचं हित साधणारी संस्था म्हणून नोंद करायची. सरकारचा हेतू वाईट होता, कबूल. पण तो कायदा एका फटक्यात सगळ्यांना लागू का पडला? सगळेच तुमच्या पैशावर होते म्हणून. गावातल्या पैशावर चालले असते तर त्या कायद्याने कुणाचं काय बिघडलं असतं?

लेक : आजोबा, गावातला पैसा म्हणजे कुणाचा? सत्ताधारी ‘जॉर्जियन ड्रीम’ पक्ष ज्यांनी काढला ते बिद्झिना इवानिश्विली देशातले सगळ्यात श्रीमंत गृहस्थ. रशियात संपत्ती कमावली, 2012मध्ये निवडणूक जिंकली. थोडाच काळ पंतप्रधान राहिले, पण दोऱ्या त्यांच्याच हातात. अशा देशात दुकानदार, हॉटेलवाला, बांधकामवाला टीका करणाऱ्या पत्राला जाहिरात देईल? त्याला परवाना हवा असतो, ठेका हवा असतो.

मामा : हे मला शिकवू नकोस. आमच्याकडे काय वेगळं होतं? साप्ताहिकाचं पोट भरायचं ते तहसीलच्या जाहीर नोटिसांवर, सोसायट्यांच्या वार्षिक सभांच्या नोटिसांवर आणि दिवाळी अंकातल्या कारखान्याच्या पानभर जाहिरातीवर. एका वर्षी उसाच्या थकीत बिलांची बातमी छापली आणि ती पानभर जाहिरात गेली. पाठोपाठ पतसंस्थेची गेली, कारण संचालक तेच. त्या वर्षी मी सायकल काढली आणि गावोगाव वर्गणीदार केले. ज्यांची बिलं थकली होती त्यांनीच पैसे दिले. तेव्हा मला कळलं की माझा मालक कोण आहे.

लेक : आणि त्यानंतर पोलिसांनी तुम्हाला आत टाकलं का? छापखान्याचं खातं गोठवलं का?

मामा : नाही.

लेक : ‘बातुमेलेबी’ची खाती गोठवली. जून 2025मध्ये, कराच्या थकबाकीचं कारण दाखवून. संपादक आधीच तुरुंगात. तुमच्यावर वेळ आली ती जाहिरात जाण्याची. सायकलवरून वर्गणी गोळा करायला तरी मोकळीक होती.

इथे लेकीचं पारडं जड होतं असं मला वाटलं. मामांचा अनुभव खरा आहे, पण तो अशा काळातला आहे जेव्हा कारखान्याचा चेअरमन जाहिरात थांबवू शकत होता, कोर्ट थांबवू शकत नव्हता. पण मामा पुढे जे बोलले ते सोडून देता येत नाही.

मामा : बरं, तुझ्या मदतीची जुनी कहाणी मी तुला सांगतो. 1950 साली पश्चिम बर्लिनमध्ये ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ ही संस्था निघाली. लेखकांचं, विचारवंतांचं स्वातंत्र्य जपायला. मुंबईतही तिची भारतीय समिती झाली. मिनू मसानींसारखी, जयप्रकाशांसारखी माणसं तिच्यात होती. हेतू स्वच्छ, माणसं स्वच्छ. आणि 1966-67मध्ये उघड झालं की जगभरच्या या कामामागे पैसा सीआयएचा होता. ज्यांनी आयुष्यभर कुणाची मिंधेगिरी केली नाही त्यांच्यावर शिंतोडे उडाले. ते शिंतोडे धुऊन काढायला पुढची कित्येक वर्षं गेली. बाहेरचा पैसा घेताना तो कुणाच्या तिजोरीतून निघाला हे घेणाऱ्याला कधीच पुरतं ठाऊक नसतं. आणि विरोधकाला तेवढंच पुरतं.

लेक : मसानींचं नाव तुम्ही काढलंत तर पुढचंही सांगा. ‘फ्रीडम फर्स्ट’ हे त्यांचं मासिक त्याच वर्तुळातून 1952 साली निघालं होतं. आणीबाणीत सेन्सॉरने त्यातला मजकूर अडवला तेव्हा ते गप्प बसले नाहीत. मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि 1976मध्ये न्यायमूर्ती मादोन आणि कानिया यांच्या खंडपीठाने सेन्सॉरला चपराक दिली. सरकारवर टीका करणं हा काही गुन्हा नाही, सेन्सॉरलाही कायद्याच्या चौकटीतच वागावं लागेल, असं आणीबाणीत सांगणारं कोर्ट आणि आणीबाणीत तिथवर जाणारं मासिक. आधीचा पैसा कुणाचाही असो, कणा मसानींचाच होता ना?

मामा : कणा त्यांचाच होता. म्हणूनच मला वाईट वाटतं की त्यांच्या पाठीवर दुसऱ्याचा शिक्का बसला. आणि थांब, यदुनाथ थत्त्यांच्या ‘साधना’नेही आणीबाणीत सरकारशी झुंज घेतली. त्यांच्यावर तसला शिक्का कुणाला मारता आला नाही. म्हणून तर म्हणतो, गावच्या पैशावर लढता येतं.

लेक : त्याच आणीबाणीत, 1976मध्ये, परदेशी देणग्यांचा कायदा आला. वर्तमानपत्रांना, संपादकांना परदेशी पैसा घ्यायला बंदी. बंदीची गरज कुणाला वाटली आणि कुठल्या वर्षी वाटली, ते वर्षच सांगतं.

मामा : कायदा कुणी केला हे एक, आणि त्यात तथ्य आहे का हे दुसरं. तो कायदा आणणारे 1977मध्ये सत्तेवरून गेले. नंतर आलेल्यांनी तो रद्द का केला नाही, याचाही विचार कर. कुठल्याच देशाला आपली वर्तमानपत्रं परक्या पैशावर चाललेली आवडत नाहीत. अमेरिकेला आवडतील का?

लेकीने याला उत्तर दिलं नाही, आणि मला वाटतं उत्तर नव्हतं. तिने वाद पोलंडकडे नेला, आणि तिथे ती नुसती बाजू मांडत नव्हती, समजावून सांगत होती.

लेक : डिसेंबर 1981मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा आला, ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेचं काम बंद पाडलं गेलं. 1982पासून ‘तिगोद्निक माझोव्शे’ हे भूमिगत साप्ताहिक निघायला लागलं. हेलेना वुचिवो आणि त्यांच्या मैत्रिणींनी ते चालवलं. पुरुष नेते तुरुंगात होते आणि पोलिसांचं बायकांकडे कमी लक्ष होतं. हजारोंनी प्रती निघायच्या. छपाईची यंत्रं, शाई, सुटे भाग, पैसा बाहेरून यायचा, पश्चिमेतल्या कामगार संघटनांकडून, परदेशात गेलेल्या पोलिश लोकांकडून, 1983नंतर अमेरिकेच्या ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमोक्रसी’कडून. पण अंक हाताने वाटायचे, लपवायचे, वाचून पुढे द्यायचे, त्यासाठी नाणी गोळा करायची, हे सगळं तिथल्या माणसांनी केलं. 1989मध्ये अंशतः मोकळी निवडणूक आली तेव्हा याच बायका ‘गझेता विबोर्चा’ हे दैनिक काढायला तयार बसल्या होत्या. बाहेरच्यांनी यंत्र पाठवलं, वाचक मात्र पाठवला नाही. तो पाठवता येतच नाही.

मामा : बघ, तूच माझं म्हणणं सांगितलंस. वाचक आधीपासून होता.

लेक : यंत्राशिवाय त्याच्या हातात काय पडलं असतं?

मामा : हस्तलिखित पडलं असतं. पण त्याने ते वाचलं असतं. आता तू मला सांग, तुझ्या टेबलावर अर्ज यायचे त्यांत काय असायचं?

इथे लेक बराच वेळ बोलली, आणि त्यातला बराचसा भाग मामांच्या बाजूचा होता. अर्जात ‘प्रकल्प’ असायचा, अठरा महिन्यांचा. किती कार्यशाळा, किती पत्रकारांना प्रशिक्षण, किती लेख, किती टक्के लेखिका, असे रकाने असायचे. चांगला बातमीदार हळूहळू चांगला अहवाल लिहिणारा होत जायचा. देणगीदाराला हवामानबदल हवा असेल त्या वर्षी हवामानबदलाच्या बातम्या निघायच्या, अपप्रचाराचा विषय चालला की सगळे अपप्रचाराकडे वळायचे. बातुमीच्या बंदरात कुणाची जमीन कुणाच्या नावावर झाली, हा रकाना कुठल्याच अर्जात नसायचा. तिने तिथल्या एका संपादिकेला विचारलं होतं की तुम्हाला खरं काय हवं आहे. संपादिकेने सांगितलं : एक हिशेबनीस आणि एक वकील, दोन्ही कायमचे. दोन्हींसाठी पैसे देणारा देणगीदार सापडला नव्हता.

यावर मामा म्हणाले की नागरी संघटनांचंही तेच झालं असणार. लेकीने ते अर्धवट मान्य केलं. 2003मध्ये जॉर्जियात सत्तापालट घडवणाऱ्या गुलाब क्रांतीच्या वेळी राजधानी तिबिलिसीतल्या संघटना जोरात होत्या, रस्त्यावर होत्या. क्रांतीचे नेते साकाश्विली सत्तेवर आल्यावर त्यांतली कित्येक हुशार माणसं सरकारात गेली. राखण करणारेच आत गेले, बाहेर पहारा पातळ झाला. 7 नोव्हेंबर 2007 रोजी त्याच सरकारच्या पोलिसांनी ‘इमेदी’ वाहिनीच्या स्टुडिओत घुसून प्रक्षेपण बंद पाडलं. बाहेरून मदत देणाऱ्यांनी साकाश्विलींवर इतका भरवसा टाकला होता की त्यांच्या तोंडून कडक शब्द निघायला वेळ लागला. माझ्या मते जॉर्जियाच्या कहाणीतली ही सगळ्यात मोठी चूक होती. लोकशाहीला मदत करायला निघालेल्यांनी एका माणसाला मदत केली.

लेक : मान्य. पण म्हणून मदत वाईट ठरत नाही, मदतीची रीत वाईट ठरते. बेलग्रेडच्या ‘बी-92’ रेडिओचे संपादक साशा वुचिनिच यांनी 1990च्या दशकात वेगळी रीत काढली. देणगी नाही, कर्ज. सोरोस यांच्याकडून भांडवल घेऊन निधी उभा केला आणि जगभरच्या स्वतंत्र पत्रांना व्याजाने पैसे दिले. स्लोव्हाकियात मेचियार यांचं सरकार होतं तेव्हा ‘स्मे’ या दैनिकाला छापखाना घ्यायला कर्ज मिळालं. कुणाच्या तरी छापखान्यात रांगेत उभं राहायचं, आणि सरकारने डोळे वटारले की छपाई बंद, यातून ते सुटलं. 1998मध्ये मेचियार सत्तेतून गेले. कर्ज घेणाऱ्याला ते फेडायचं असतं, म्हणून तो वाचक शोधतो, जाहिरात शोधतो, हिशेब ठेवतो. देणगीदाराची मर्जी राखत बसत नाही.

मामा : हे मला पटतं. हे सुतारकाम शिकवून हत्यारं उसनी देण्यासारखं झालं. पण मग जानेवारी 2025मध्ये काय झालं ते सांग. ते तुम्ही का आधी ओळखलं नाही?

तो महिना दोघांनाही बोचतो. अमाग्लोबेलींच्या अटकेनंतर काही दिवसांतच वॉशिंग्टनने परदेशी मदत गोठवली. यूएसएड या अमेरिकी मदतसंस्थेच्या करारांवर चालणाऱ्या कित्येक संघटना आणि पत्रकार जगभर थोड्याच काळात बिनपगारी झाले. जुलैत यूएसएड ही संस्थाच आटोपली. आणि एप्रिलमध्ये तिबिलिसीने कायदा केला की सरकारच्या संमतीशिवाय परदेशी अनुदान घेता येणार नाही. एक दार देणाऱ्याने लावलं, दुसरं दार घेणाऱ्याच्या सरकारने लावलं. मधल्या माणसांना कुणी विचारलं नाही.

मला वाटतं या वादाचा गाभा इथे आहे, आणि तो मामांच्या किंवा लेकीच्या म्हणण्यात पुरता येत नाही. पैसा परदेशी की गावचा, यापेक्षा तो किती हातांनी थांबवता येतो हे बघावं. कारखान्याची जाहिरात एका हाताने थांबते. मालकाचं भांडवल एका हाताने थांबतं. वॉशिंग्टनचं अनुदानही एकाच हाताने थांबलं. जो पैसा कुणा एकाला थांबवता येतो तो पत्राला स्वतंत्र ठेवू शकत नाही, मग तो कितीही चांगल्या हेतूने आलेला असो. मी हे बोलले तेव्हा मामांनी लगेच हंगेरीचं नाव घेतलं. 2020मध्ये तिथल्या ‘इंडेक्स’ या बातम्यांच्या साइटच्या संपादकांना काढल्यावर सत्तरहून अधिक पत्रकारांनी एकदम राजीनामे दिले आणि हजारो वाचकांच्या छोट्या छोट्या रकमांवर ‘टेलेक्स’ उभं केलं. हजारो हात, असं मामा म्हणाले.

लेक : हंगेरी जवळपास एक कोटीचा देश, आणि बुडापेस्टमध्ये पगारदार मध्यमवर्ग आहे. बातुमीची वस्ती दोन लाखांच्या आत. आणि आजोबा, ज्यांच्याकडे वर्गणीचा पैसाच नाही त्यांच्या पत्राचं काय? 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढलं. ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही. वाचक गरीब, जाहिरातदार नाहीत, छापखाने सवर्णांचे. शाहू महाराजांनी 2500 रुपये दिले म्हणून पत्र निघालं. ते पैसे बाहेरचेच होते. वाचकाच्या खिशातले नव्हते. तुमच्या नियमाने ‘मूकनायक’ निघालंच नसतं.

मामा बराच वेळ शाहू महाराजांविषयी बोलले. महाराजांनी पैसे दिले, मजकुरात ढवळाढवळ केली नाही, हे त्यांना विशेष वाटतं. मलाही वाटतं. पण तेही एकाच हाताचे पैसे होते. 1922मध्ये महाराज गेले. 1923मध्ये ‘मूकनायक’ बंद पडलं. ‘बहिष्कृत भारत’ निघायला 1927 उजाडलं. मधली चार वर्षं मुक्यांचा नायक मुका होता. मदतीची गरज आणि मदतीचा अपुरेपणा दोन्ही त्या चार वर्षांत आहेत.

मामा : ठीक. मग मी माझं म्हणणं थोडं बदलतो. वकिलाचा खर्च, दंड, दवाखाना, तुरुंगातल्याच्या घरचा किराणा, हे बाहेरून येऊ दे. त्याने मजकूर विकला जात नाही. रोजची बातमी मात्र बातुमीकरांच्या पैशावर निघू दे.

लेक : बातुमीकरांनी पैसे कुठल्या खात्यात भरायचे? मार्च 2025मध्ये कोर्टाच्या हुकमाने सरकारविरोधी आंदोलकांचे दंड भरणाऱ्या निधींची खाती गोठवली. त्यात जॉर्जियातल्या सामान्य माणसांच्या वर्गण्या होत्या. गावच्या पैशालाही त्यांनी सोडलं नाही. म्हणून मी म्हणते, दोन्ही पैसे लागतील, परदेशातल्या जॉर्जियन लोकांचेही लागतील. एक वाट बंद झाली तर दुसरी असावी.

मामा : मग तुमच्यासारख्यांनी ती दुसरी वाट बांधायला पैसे द्यावेत. पुढच्या वेळी अर्ज आला की कार्यशाळा किती असं विचारू नकोस. वर्गणीदार किती, असं विचार. आणि वर्गणीदार जमवायला, त्यांच्याशी बोलायला, पावत्या फाडायला जो माणूस लागतो त्याचा पगार दे. पाच वर्षं दे. अठरा महिन्यांत वर्गणीदार होत नाहीत, मला विचार.

लेक : आणि ती वर्गणीदारांची यादी पोलिसांच्या हाती पडली तर? आज जॉर्जियात टीका करणाऱ्या पत्राला पैसे दिले म्हणून शिक्षकाची, सरकारी कारकुनाची नोकरी जायला वेळ लागणार नाही.

मामा : मग यादी सांभाळणाऱ्याचाही पगार दे, आणि त्याच्या वकिलाचाही.